गळती ओळखणारे मामू

मामू सांडलेलं तेल बोटावर घेऊन हुंगायचे आणि ते गाडीच्या कुठल्या भागातून आलं ते सांगायचे. जमिनीवर डाग दिसला की आम्ही बाकीचे गाडीखाली आडवे व्हायचो. मामू मात्र उकिडवे बसून डागाला बोट लावायचे, नाकाशी न्यायचे. "गंधकाचा वास हाय. मागचं डिफरन्शियल." ते कधी चुकल्याचं मला आठवत नाही, आणि त्यांच्या चुकीची मी दोन वर्षं वाट पाहत होतो.

शहराबाहेर, खुलताबादच्या रस्त्याला, डोंगराच्या पायथ्याशी एक सहलीचं ठिकाण आहे. तिथं पर्यटकांना चालवायला आठ एटीव्ही होत्या, जाड चाकांच्या, दगडमातीतून उसळत जाणाऱ्या. त्यांची देखभाल माझ्याकडे होती. मी ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केलेला. मामू चौथी शिकलेले. छावणी भागात राहायचे, जन्मभर जीपा दुरुस्त केलेल्या. मालकांनी त्यांना माझ्या मदतीला म्हणून आणलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला 'डिप्लोमा' अशी हाक मारली. त्यात चेष्टा नव्हती, पण मला ती ऐकू यायची.

सात नंबरच्या गाडीनं माझी अब्रू घालवली. मागच्या दोन चाकांमध्ये गिअरचा जो बंद लोखंडी डबा असतो, तेच डिफरन्शियल. त्याच्या सीलमधून, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीच्या रबरी कड्यातून, तेल गळत होतं. मी सील बदललं. चार दिवसांत पुन्हा गळती. पुन्हा बदललं, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मालक मला ओलांडून मामूंकडे गेले.

मामूंनी सगळा डबा आधी रॉकेलनं धुऊन लख्ख पुसला. मग त्यावर तोंडाला लावायची पावडर भुरभुरली आणि गाडी फिरवून आणली. "गळती पुसल्याबिगर दिसत नाय, डिप्लोमा. जुना डाग खोटं बोलतो." पावडरीवर सीलपाशी ओली रेघ उमटली होती. मी म्हणालो, "बघा, सीलच आहे!" मामू म्हणाले, "हौ, तेल तिथूनच येतंय. पन त्याला ढकलतंय कोन?" डब्यातली गरम हवा बाहेर सोडणारी एक बारीक नळी असते. त्यांनी ती काढून फुंकली. फुंक जाईना. आत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. हवेला वाट नाही म्हणून दाब तेलाला सीलमधून बाहेर रेटत होता. तारेनं नळी साफ केली आणि गळती थांबली.

मालकांनी त्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांच्या पाठीवर थाप मारली. मला घरी जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं तर तिच्यावरच खेकसलो. त्यानंतर गाडी बिघडली की हाक मामूंनाच. तिकीट फाडणारी मुलगीसुद्धा मला विचारायची, "मामू कुठं गेले?" मामू मात्र मला काही लपवून ठेवत नसत. सील बसवताना हात थांबवून दाखवायचे, "रबराच्या ओठाला आधी तेल लाव. कोरडं सील पहिल्याच फेरीत फाटतं." मी ऐकायचो, शिकायचो आणि आतून जळायचो. त्यांनी हातचं राखून शिकवलं असतं तर मला निदान राग धरता आला असता.

मामूंची एक सवय होती. दुरुस्त केलेली गाडी ते पर्यटकाला देण्याआधी स्वतः उतारावरून पळवून आणत. म्हणत, "पहिले माझी हड्डी, मग गिऱ्हाइकाची." एका सकाळी त्यांनी तीन नंबरचं मागचं सील बदललं आणि चहाला गेले. शेडमध्ये मी एकटाच होतो. मी चिमूटभर ओली माती घेतली आणि हवेच्या नळीत बोटानं ठासली. चार दिवसांत मामूंचं काम गळावं, मालकांनी ते पाहावं, एवढंच माझ्या मनात होतं.

चार दिवस लागले नाहीत. मामूंनी त्याच दिवशी गाडी तपासायला म्हणून तासभर चढावर ताणली. तापलेलं तेल बाहेर पडून शेजारच्या ब्रेकच्या चकतीवर उडालं. उतारावर मागचा ब्रेक लागलाच नाही. गाडी बांधाला धडकून उलटली. आम्ही धावत गेलो तेव्हा मामू उजवा हात छातीशी धरून बसले होते. मनगट मोडलं होतं.

हाताला प्लास्टर घालून ते दुसऱ्या दिवशी शेडमध्ये आले. डाव्या हातानं नळी काढली आणि तिच्या तोंडातली माती बराच वेळ पाहत राहिले. तिच्यावर बोटाच्या ठशाच्या रेघा मलाही दिसत होत्या. मालकांनी विचारलं, "काय झालं, मामू?"

"पुन्हा माशी बसली होती," मामू म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मनगट नीट जुळलं नाही. पाना धरवेना, तेव्हा त्यांनी काम सोडलं आणि मुलीकडे सिल्लोडला राहायला गेले. गाडी बिघडली की हाक आता मलाच; त्यांची जागा मला मिळाली. जिची इतकी हाव होती, त्या जागेवर मी पाच महिने काढले आणि एका रविवारी सिल्लोडची बस धरली.

मामू अंगणात बाजेवर बसले होते. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, "मामू, ती माती मी घातली होती."

"मालूम हाय."

"मग मालकांना सांगितलं का नाही?"

"तू गेला असतास. मग गाड्या कोनी पाहिल्या असत्या? सील तर तू माझ्यापेक्षा साफ बसवतोस." मग मनगटावरून हात फिरवत ते म्हणाले, "लई दुखतं रे, थंडीत. ते बी ऐकून जा."

तेवढ्यात एक शेतकरी दारात ट्रॅक्टर घेऊन आला. मागून तेल ठिबकत होतं. मामू म्हणाले, "याला दाखव. शिकलेला मानूस हाय." मी खाली शिरलो, पुसलं, वाट पाहिली. खालच्या बोल्टाचा वॉशर चेपला होता. तसं सांगितलं. शेतकऱ्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग मामूंकडे वळून विचारलं, "व्हय का, मामू?"

मामूंनी मान डोलावली. तेव्हा कुठं तो वॉशर आणायला निघाला. मी तेलकट हात पुसत उभा राहिलो, आणि माफी मागायला आलेल्या त्या दुपारीही पोटात तीच जुनी आग भडकली.