टाकीतली सरहद्द

शुक्रवार, सकाळचे अकरा. ऑर्डर चाळीस बोयांची. हजर: दोन देशांचे दोन इन्स्पेक्टर, आमचे प्लँट हेड, मेंटेनन्सचे नामदेवभाऊ आणि क्वालिटीचा मी. सगळे चाकणच्या कारखान्यात, फायर वॉटरच्या उघड्या टाकीभोवती.

बोया म्हणजे जहाजांना वाट दाखवणारा तरंगता दिवा. ज्या नदीसाठी आम्ही तो बनवला, ती दोन देशांच्या मधून वाहते. जहाजांचे नियम त्यांची संयुक्त समिती ठरवते, म्हणून चाचणीवर दोघांच्याही सह्या हव्यात. आज सह्या नाहीत तर ऑर्डर रद्द आणि लाइनवरची बारा कंत्राटी माणसं सोमवारपासून घरी. त्यांत नामदेवभाऊंचा मुलगा होता.

प्रत्येकाने आपल्याच हद्दीतून तपासायचं, असा नियम. डाव्या काठाचे साहेब म्हणाले, "पण हद्द कुठे आहे?"

नामदेवभाऊंनी शॉपफ्लोअरवर रेषा मारायची पिवळी टेप आणली आणि या रेलिंगपासून त्या रेलिंगपर्यंत ताणली. "घ्या. सरहद्द."

बोया सोडला. दिवा लागला. वाऱ्याने तो टेपेखालून उजवीकडे गेला.

"तुमच्या हद्दीत आलाय, तुम्ही सही करा," डावे साहेब म्हणाले.

"निघाला तुमच्याकडून. आधी तुम्ही," उजवे साहेब म्हणाले.

जेवणाची सुट्टी झाली तरी बोया देश बदलत होता. प्लँट हेड माझ्या कानाशी पुटपुटले, "साठे, काहीतरी करा हो."

आमच्याकडे नव्या ऑर्डरचा पहिला माल नारळ फोडल्याशिवाय गेटबाहेर जात नाही. "हे भांडतच बसणार, राव. मी तेवढ्यात नारळ उरकतो," म्हणत नामदेवभाऊंनी तो कठड्यावर आपटला. एक वाटी हातातून निसटली, टाकीत पडली आणि तरंगत टेप ओलांडून गेली.

दोन्ही साहेब पुढे वाकले.

"दिवा नाही."

"हद्दही ओलांडली."

दोघांनी नियमांचं पुस्तक एकाच पानावर उघडलं. विनादिवा हद्द ओलांडणाऱ्या कुठल्याही तरंगत्या वस्तूला संयुक्त नोटीस, दोघांच्या सह्या एकाच वेळी.

"मालक कोण?"

"मीच की," नामदेवभाऊ म्हणाले. "दंड किती?"

"दंड फक्त नदीवर. इथे नुसती नोटीस."

दोघांनी मिळून सही केली. पेनांची टोपणं लागायच्या आत मी चाचणीचा रिपोर्ट पुढे सरकवला. "सर, हीपण अशीच. एकाच वेळी." नामदेवभाऊंनी एक-दोन-तीन म्हटलं. सह्या झाल्या.

माल वेळेत गेला. बाराही माणसं सोमवारी शिफ्टला आली. मी एवढंच शिकलो, की भांडणाऱ्या दोघांना आधी तिसऱ्याची चूक काढू द्यावी.

नारळाचे पस्तीस रुपये नामदेवभाऊंना दिले, चाचणी साहित्य म्हणून. उरलेली वाटी दोन्ही साहेबांनी वाटून खाल्ली.