बुखारीजवळचा कॅमेरा आणि एक कमी लाडू

आधीच सांगते, असल्या गोष्टी हसण्यावारी नेणाऱ्यांपैकी मी आहे. या ग्रुपवरचे अनुभव नेमाने वाचते, पण खरं सांगायचं तर चहाबरोबर टाइमपास म्हणून. आमचं घर भोईवाड्यातल्या चाळीत, बौद्ध कुटुंब. घरात नवस नाही, उतारा नाही, दाराला लिंबू-मिरची नाही. लहानपणी शेजारच्या काकूंच्या अंगात यायचं तेव्हा अख्खा मजला हात जोडून उभा राहायचा आणि माझे वडील शांतपणे म्हणायचे, "अहो, पंखा लावा त्यांना, घामाघूम झाल्यात." अशा माणसाची मी मुलगी! त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय. पण वर्षभर पोटात ठेवलं, आता लिहून मोकळी होते.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. मिल बंद पडेपर्यंत ते परळच्या एका मिलमध्ये साचाखात्यात होते, म्हणजे मागावर. त्यांच्या तीन गोष्टी आधी सांगायला हव्यात, म्हणजे पुढचं नीट कळेल.

पहिली गोष्ट, दहा मिनिटांचा नियम. मिलमध्ये धागा तुटू नये म्हणून हवेत कायम पाण्याची वाफ सोडलेली असायची. त्या दमट उकाड्यातून माणूस एकदम बाहेरच्या वाऱ्यात आला की खोकत सुटायचा. तेव्हापासून दादांनी घरात कायदाच केला — बाहेरून आलं की थेट आत यायचं नाही. गॅलरीतल्या लोखंडी खुर्चीवर दहा मिनिटं बसायचं. मग पाणी, मग पंखा. शाळेतून भूक भूक करत आलं तरी तेच. "बस जरा. अंगाला कळू दे, कुठे आलीस ते." या वाक्याची मला इतकी चीड होती की काय सांगू!

दुसरी गोष्ट, गाठ. मागावर धागा तुटला की साचेवाले दोन टोकं धरून एका क्षणात बारीकशी गाठ मारतात. ती कापडात दिसत नाही आणि ओढली तरी सुटत नाही. दादा घरात साखरेच्या पुडीपासून औषधाच्या पिशवीपर्यंत सगळ्याला तीच गाठ मारायचे आणि आई कात्री शोधत बडबडत बसायची. मला शिकवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला, पण मला कधीच जमली नाही.

तिसरी गोष्ट लाडू. दादांना डिंकाचे लाडू जीव की प्राण, आणि साखर निघाली. मग आईने डबा कुलपात ठेवायला सुरुवात केली. शेवटच्या आजारपणात हॉस्पिटलमध्येही ते आईला म्हणाले होते, "एकच दे गं." आईने नाही दिला. दादांना जाऊन आता आठ वर्षं झाली.

आता मूळ गोष्टीकडे येते. मी एका पेपरमध्ये स्पोर्ट्स फोटोग्राफर आहे. मैदानावरचं क्रिकेट, गल्लीतली कबड्डी, मॅरेथॉन — माझं सगळं करिअर घामातलं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत ऑफिसने पहिल्यांदाच बर्फावरच्या स्कीइंगच्या स्पर्धा कव्हर करायच्या ठरवल्या. गुलमर्ग! मी हट्टच धरला. साहेब म्हणाले, "प्रज्ञा, तू बर्फ फक्त उसाच्या रसात पाहिलायस. रिझल्ट नाही आला तर पुढच्या वेळी दिल्लीचा माणूस घेईन. आणि स्पष्ट सांगतो, तुझ्यानंतर मुंबईतून कुणालाच पाठवणार नाही." म्हणजे माझ्या एका चुकीवर पुढच्या सगळ्यांची दारं बंद होणार होती. त्यात दुसरा कॅमेरा ऑफिसने दिला नाही. माझा स्वतःचा एकच होता, त्याच्यावरच सगळी मदार.

मी तयारी जोरात केली. बॅटऱ्या थंडीत पटकन उतरतात म्हणून त्या अंगाला लागून ठेवायला बनियनला आतून खिसे शिवून घेतले. बोटं उघडी राहणारे हातमोजे घेतले. भिंगावर श्वास सोडायचा नाही, बर्फ पडत असताना लेन्स बदलायची नाही, सगळं वहीत लिहून पाठ केलं. आईने आपल्या जुन्या सुती साडीचे चार पदर घेऊन कॅमेऱ्याला गोधडीसारखं कव्हर शिवलं, पांढऱ्या दुपदरी दोऱ्याने. वर बारा डिंकाचे लाडू, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंडाला रबरबँड. "रोज दोन खायचे. सहा दिवस, बारा लाडू. मोजून दिलेत," आई म्हणाली.

थंडीची तयारी झाली. उबेची तयारी करायची असते, हे मात्र माझ्या गावीही नव्हतं.

इथे आम्हा मुंबईकरांची चूक कशी होते बघा. दादरच्या एसी हॉलमधून लग्नाचे फोटो काढून बाहेर आलं की लेन्सवर धुकं धरतं. आपण काय करतो? कॅमेरा उन्हात धरतो, पाच मिनिटांत साफ. त्यामुळे डोक्यात पक्कं बसलेलं असतं — धुकं, ओल काही असो, ऊब दिली की काम झालं.

माझ्यासोबत बातमी लिहायला निनाद होता, दादरचा, माझा जुना मित्र. चौथ्या दिवशी आम्ही सकाळपासून उतारावर उभे होतो. दुपारनंतर हिमवर्षाव सुरू झाला. चारच्या सुमारास मी लॉजवर परतले तेव्हा माझी बोटं सुजून लाल झाली होती आणि इतकी बधिर, की जॅकेटची चेन मला ओढता येईना. शेवटी लॉजवाल्या चाचांनी ती उघडून दिली. चार दिवस तोंडाला चव नव्हती, आईच्या लाडवांना मी हातही लावला नव्हता. अंगात कणकण होती.

खोलीत बुखारी नुकतीच पेटवलेली होती. बुखारी म्हणजे लाकडं घालायची लोखंडी शेगडी, वर धुराडं असलेली. मी दाराला आतून कडी घातली. कॅमेरा बॅगेतून काढला, कव्हरही काढलं आणि बुखारीजवळच्या स्टुलावर ठेवला, ऊब लागू दे बिचाऱ्याला म्हणून. इतक्या प्रेमाने कॅमेऱ्याचं वाटोळं कुणी केलं नसेल! मग पलंगावर पडले ती पडलेच.

जाग आली ती निनादच्या दार वाजवण्याने. "ए प्रज्ञा, चहा थंड होतोय यार!" घड्याळात साडेसहा. स्टुलाकडे नजर गेली.

स्टुलावर कॅमेरा नव्हता.

मी धडपडत उठले. उद्या सकाळी मुलींची फायनल, आणि कॅमेरा गेला! रडायचीच बाकी होते. तेवढ्यात दिसला. बुखारीपासून सगळ्यात लांब, दाराजवळच्या लाकडी पेटीवर. आईच्या कव्हरात गुंडाळलेला, आणि ते सगळं लाडवांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड दोऱ्याने घट्ट बांधलेलं. पिशवीवर बाहेरून पाण्याचे थेंब धरले होते. आत कोरडं ठणठणीत.

बाजूला पेपर पसरून त्यावर लाडू मांडले होते. तीन, तीन, तीन... आणि शेवटच्या ओळीत दोन.

दार उघडायला गेले तर कडी आतूनच लागलेली. खिडकीबाहेर बर्फाचा ढीग, ती उघडणंच शक्य नव्हतं. मी निनादला आत ओढलं आणि विचारलं, "तू केलंस हे?"

"काय केलं? अगं, कडी तर तू आत्ता काढलीस ना!" तो लाडवांकडे बघत म्हणाला. "आणि चार दिवस हे लपवून ठेवलेस माझ्यापासून? तू तर ना..."

चाचांना विचारलं. ते डोकं हलवून म्हणाले, "बेटी, हम तो इधर आए ही नहीं। लेकिन जिसने भी किया, समझदार आदमी है। ठंडा कैमरा सीधे आग के पास रखोगी तो अंदर पानी पकड़ेगा। सुबह बाहर ले जाओगी तो वही पानी बर्फ़ बन जाएगा। थैली में बाँधकर आग से दूर रखो, धीरे-धीरे गरम होने दो।"

धीरे-धीरे... बस जरा. अंगाला कळू दे, कुठे आलीस ते.

तरी मी हार मानली नाही हं. स्वतःला म्हटलं, तापाच्या ग्लानीत तूच केलं असशील. कुठेतरी वाचलेलं डोक्यात राहिलं असेल, झोपेत उठलीस, बांधलंस, लाडू खाल्लास आणि विसरलीस. पिशवी उघडायला गेले तर त्या बधिर बोटांनी गाठ सुटेना. मग गाठीच्या खालून पिशवी फाडली आणि ते तोंड दोऱ्यासकट खिशात टाकलं, नंतर बघू म्हणून. कव्हर हातात घेतलं तेव्हा लक्षात आलं, त्याची एका बाजूची शिवण वीतभर उसवली होती. दोरा तिथलाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फायनलला माझ्याशेजारी दिल्लीचे एक फोटोग्राफर उभे होते, आमच्याच लॉजवर उतरलेले. आदल्या संध्याकाळी त्यांनी आपला कॅमेरा खालच्या हॉलमधल्या बुखारीपुढे ठेवला होता, अगदी माझ्यासारखाच. त्यांच्या लेन्सच्या आत पांढरा थर गोठला होता. बटण दाबलं जाईना. बिचारे कॅमेरा मांडीवर घेऊन बर्फात बसून राहिले. खरं तर त्यांच्या जागी मी असणार होते.

माझा कॅमेरा मात्र एकदाही अडला नाही. शेवटच्या वळणावर एक मुलगी अशी काही झुकली, की तिच्या मागे बर्फाचा पडदाच उभा राहिला, आणि ती दात घट्ट आवळून चक्क हसत होती. तो फोटो छापून आला. साहेबांनी फोनवर एवढंच म्हटलं, "पुढच्या वर्षीची तयारी ठेव." मी लॉजच्या पायरीवर बसून पाच मिनिटं रडले.

घरी आले. बॅग ठेवली आणि कुणी न सांगता गॅलरीतल्या लोखंडी खुर्चीवर बसले. आईने दारातूनच बघितलं आणि पाणी घेऊन बाहेर आली. तिला सगळं सांगायचं की नाही, माझं ठरत नव्हतं. नुसतंच खिशातलं ते पिशवीचं तोंड काढून तिच्या हातात दिलं.

"आई, ही गाठ बघ गं. सुटतेय का?"

आईने चष्मा लावला. गाठ उलटी केली, सुलटी केली. मग तिचा हात थांबला.

"कुणी मारली ही?"

"का?"

"ही साचेवाल्यांची गाठ. पण ही उलटी आहे. तुझे दादा डावखुरे. सगळ्या खात्यात त्यांचीच गाठ उलटी पडायची, मुकादम चिडवायचा त्यांना. चाळीस वर्षं कात्रीने कापल्यात मी या गाठी... मला नको सांगू."

मग मी सगळं सांगितलं. कडी, स्टूल, पेटी, पिशवी. आई ऐकत होती. दादांसारखीच तीही असलं काही मानणारी नाही. आता 'ताप होता तुला' म्हणेल अशी मी वाट बघत होते. तिने वेगळंच विचारलं.

"लाडू किती होते पेपरवर?"

"अकरा."

"तू खाल्लास?"

"आठवत नाही गं. नसावा. तोंडाला चवच नव्हती."

आईने गॅलरीचा कठडा धरला. मग पदराने डोळे पुसले आणि हसली. खरंच हसली.

"मिळाला एकदाचा," ती म्हणाली.

आठ वर्षं त्या एका लाडवाचं ओझं ती मनात घेऊन फिरत होती, हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर ती दादांबद्दल मोकळेपणाने बोलायला लागली. कुलपाचा डबाही आता उघडाच असतो.

तुम्ही विचाराल, मग आता मानतेस का? नाही मानत. ताप होता, बंद खोली होती, झोपेत माणूस काय काय करतो. मीच केलं असेल. फक्त चेनसुद्धा न ओढता येणाऱ्या बोटांनी मी शिवणीतला दोरा कसा उसवला आणि जी गाठ मला आयुष्यात जमली नाही ती उलटी कशी मारली, एवढं कुणी समजावून सांगा. निनादला विचारलं तर तो म्हणतो, "सोड ना यार, थँक यू म्हण आणि गप बस." त्याचं हे म्हणणं मला पटलंय.

ते कव्हर आईने परत शिवलेलं नाही, मीच नको म्हटलं. वीतभर उसवलेलंच वापरते. या वर्षीही बर्फात जाऊन आले. बाहेरच कॅमेरा पिशवीत बांधते, मगच आत नेते, आणि बुखारीपासून लांब ठेवते. आई आता लाडू बाराऐवजी तेरा देते. तेरावा कुणाचा ते मी विचारत नाही, तीही सांगत नाही.

परत आल्यावर मी पिशवीत उरलेले लाडू मोजते. अजून तरी पुन्हा एकही कमी भरलेला नाही, तेरावा उरतोच. मग गॅलरीत दहा मिनिटं बसते, तो लाडू मीच खाते आणि म्हणते, थँक यू दादा.