यंत्रातला माझा आवाज

मुलीला पंख्याचा आवाज सहन होत नाही. त्यामुळे मे महिन्यातल्या सोलापुरातही आमच्या घरात पंखा बंद असतो. एकदा ती उघड्या दारातून धावत थेट विजापूर रोडवर पोहोचली होती, तेव्हापासून दाराची कडी वरच्या चौकटीला बसवून घेतली. नवरा सकाळी बँकेत जातो. मग त्या दोन खोल्यांत, ओढलेल्या पडद्यांमागे, आम्ही दोघी उरतो. मी शाळेतली नोकरी सोडली ती ह्याच दिवसांसाठी. दुपारी घामानं पाठ भिजलेली असताना कधी कधी वाटायचं, कडी तिच्यासाठी बसवली, पण आत कोंडली गेले मी.

ती स्वमग्न आहे. हे घडलं तेव्हा सहा वर्षांची होती. माझ्याकडे बघायची नाही, हाक मारली तर वळायची नाही.

आम्ही जात होतो त्या थेरपीच्या केंद्रात एक छोटा रोबोट आला. गुडघ्याएवढा, पांढरा, गोल डोळ्यांचा. तो हिंदी आणि इंग्रजी बोलायचा. तिथल्या ताई मला म्हणाल्या, "घरची भाषा पाहिजे. तुम्ही वाक्यं रेकॉर्ड करून द्या ना."

मी स्वयंपाकघराचं दार लावून फोनवर रेकॉर्ड केलं. "नमस्कार. चेंडू मला दे. आता तुझा नंबर." एवढंच, सावकाश.

पुढच्या आठवड्यात मी काचेच्या ह्या बाजूला बसले होते. आत रोबोटनं हात पुढे केला आणि माझ्या आवाजात म्हणाला, "चेंडू मला दे." मुलीनं त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि चेंडू दिला. "आता तुझा नंबर," म्हटल्यावर परत घेतला. ती हसली. मला आत जावंसं वाटत होतं, पण ताईंनी मध्ये यायचं नाही म्हणून बजावलं होतं. माझा आवाज तिच्याजवळ होता आणि मी बाहेर.

घरी आल्यावर मी हात पुढे करून तेच म्हणाले, "चेंडू मला दे." तिनं कानांवर हात ठेवले आणि पडद्यामागे गेली.

"माझाच तर आवाज आहे," मी ताईंना म्हणाले. "मग मला का देत नाही?"

"त्याचा चेहरा बदलत नाही," ताई म्हणाल्या. "तुमचा सारखा बदलतो. आशा, काळजी, राग, सगळं एकदम. तिला ते झेपत नाही. सुरुवातीला थोडं कमी करून बघा. हळूहळू वाढवू."

मग मी चेहरा न हलवता तिच्यासमोर बसू लागले. आपल्याच लेकराकडे बघून हसायचं नाही, हे किती अवघड असतं ते मी कुणाला सांगू? सासूबाई मैंदर्गीहून आल्या होत्या. त्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "लेकरासमोर अशी दगडावानी काय बसतीस? हस की जरा."

"हसले की ती उठून जाते," मी म्हणाले. त्या आत जाऊन भाकरी थापू लागल्या.

अशाच एका दुपारी मी हात पुढे करून बसले होते. काही बोललेही नव्हते. मुलगी पडद्यामागून आली, चेंडू माझ्या हातावर ठेवला आणि अगदी माझ्याच सुरात, सावकाश म्हणाली, "आता तुझा नंबर."

तिला कवटाळावंसं वाटलं. पण चेहरा तसाच ठेवला आणि चेंडू परत केला. तिनं पुन्हा दिला. कितीतरी वेळ आम्ही तेवढंच करत राहिलो.

ह्यानं सगळं बदललं असं नाही. आता मी थोडं हसले तर ती बसते. मोठ्यानं हसले तर अजूनही जाते. मध्यंतरी केंद्रात तिच्यासमोर रोबोटऐवजी तिच्याच वयाची एक मुलगी बसवली. आमच्या मुलीनं चेंडू पोटाशी धरून ठेवला, दिला नाही. पण उठलीही नाही. समोरची मुलगी कंटाळून निघून गेली, तरी ही त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसली होती.

"आज एवढं पुष्कळ झालं," ताई म्हणाल्या.

परतताना रिक्षात ती माझ्या मांडीवर झोपली. घर आलं तरी तिला उठवावंसं वाटेना. रिक्षावाल्याला म्हटलं, "दादा, अजून एक चक्कर मारता का?"