साडूंच्या दिवाळीभेटी

दिवाळीची भेटवस्तू निवडणं हे राज्य चालवण्यापेक्षा जोखमीचं काम आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिलाय, आणि ते म्हणजे माझे साडू. लातूरला त्यांची दालमिल आहे. मी नांदेडला राहतो आणि भोकरच्या शाळेत गणित शिकवतो. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, एवढ्या एका आधारावर त्यांनी माझ्या घराची प्रयोगशाळा करून टाकलीय. मिलमधल्या माणसांना आणि ठोक गिऱ्हाइकांना दिवाळीला जे द्यायचं, त्याचा नमुना आषाढातच एसटीच्या पार्सलातून आमच्याकडे येतो आणि पाठोपाठ फोन. "साडूभाऊ, गळतंय का?" छत्रीच्या वर्षी त्यांनी मला अंगणात खुर्ची टाकून नळाच्या पाइपखाली बसवलं होतं, शेजारच्या काकूंनी बायकोला बाजूला घेऊन माझ्या तब्येतीची चौकशी केली. जेवणाच्या डब्याच्या वर्षी हुकूम असा, की त्यात पातळ आमटी भरायची आणि डबा मोटारसायकलला अडकवून भोकरपर्यंत जायचं. पँटवर डाग पडला की ती कंपनी बाद. त्या वर्षी शाळेतल्या पोरांनी मला एक नवीन नाव ठेवलं, ते इथं सांगण्यासारखं नाही.

भेटवस्तूंचे एजंट साडूंना टरकून असतात. एकानं मोठ्या उत्साहानं भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. तबकडीवर मिलचं नाव फुकट छापून देऊ म्हणाला. साडू म्हणाले, "पोत्यावर छापतो तेवढं बास झालं. माणूस काय पोतं हाय का, ठप्पा मारायला? त्यानं घरी टैम बघताना बी माझंच नाव वाचायचं का?" घड्याळ गेलं. सुक्या मेव्याच्या डब्यांवर त्यांचा राग वेगळाच. ते म्हणतात, असा डबा कुणी उघडत नाही. तो या घरातून त्या घरात हिंडत हिंडत शेवटी देणाऱ्याकडेच परत येतो. एकदा तर ते हमालांच्या घरोघर जाऊन बायकांना विचारून आले, तुम्हाला काय पाहिजे? सगळ्यांचं एकच उत्तर, "तुमच्या मनाला येईल ते द्या, मालक." साडू वैतागून परत निघाले, तेवढ्यात एक म्हातारी म्हणाली, "घट्ट झाकणाचा डबा द्या बापा, उंदरं लई झालेत." त्या दिवाळीला हमालापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना स्टीलचा मोठा डबा मिळाला. मॅनेजर बंगल्यात राहायचे. त्यांच्याकडे उंदीर नव्हते. साडूंकडे त्याला इलाज नव्हता.

मागे एका वर्षी गिऱ्हाइकांसाठी सहा माणसांचा डिनर सेट ठरला, न फुटणारा. मी तो फडताळाच्या माथ्यावरून आदळून पास केला होता. बिलोलीचे एक किराणा व्यापारी, त्यांना सगळे अप्पा म्हणतात, मिलचे फार जुने गिऱ्हाईक. त्या साली त्यांचा माल उचलणं एकाएकी कमी झालं होतं. उदगीरच्या एका मिलनं अप्पांना फोडलं, असा साडूंना संशय. सेट आपल्या हातानंच द्यायचा, असं ठरवून ते लातूरहून निघाले आणि नांदेडला मला गाडीत घातलं.

बिलोलीत गल्लीभर आकाशकंदील लागले होते. अप्पांच्या दारात नव्हता. दुकानाच्या मागेच घर. अप्पा एकटेच बाहेर आले. "ही गेली की श्रावणात," ते म्हणाले.

साडू तिथंच पायरीवर बसले. म्हणाले, "दर आठवड्याला बोलतो आपण, अप्पा. मला सांगितलं न्हाई?"

"तुम्ही भाव इचारला, मी भाव बोललो."

आवाजात राग नव्हता. म्हणूनच कुठं बघावं ते आम्हाला कळेना. शेवटी साडूंनी जेवणाचं विचारलं. डबा खानावळीतून येतो, लई तिखट राहतो, असं अप्पा म्हणाले. साडू म्हणाले, "मग वरण तरी घरी लावा."

"जन्मभर डाळ विकली शेठ. शिजवली कधी?"

साडू उठले आणि तडक स्वयंपाकघरात शिरले. तिथं गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आपणही कधी शिजवलेली नाही. त्यांनी लातूरला बायकोला फोन लावून तो ओट्यावर ठेवला. "अगं, डाळीत पाणी किती घालायचं?"

"बोटाच्या पेराएवढं."

"कुणाच्या बोटाच्या?"

"कोण शिजवून राहिलंय?"

"मी."

"मग राहू द्या."

पण तिनंच शेवटपर्यंत सांगितलं. पहिली शिट्टी झाली तेव्हा आम्ही तिघंही दचकलो. मीठ साडूंनी घातलं होतं आणि अप्पांनीही. तरी आम्ही ते वरण भातावर घेऊन संपवलं. अप्पांनी पुन्हा वाढून घेतलं.

सेट डिकीतच राहिला. परतताना नांदेड जवळ आल्यावर साडू म्हणाले, "सहा ताटं घेऊन गेलो होतो, साडूभाऊ."

तेव्हापासून दिवाळीच्या आदल्या दिवशी ते मला घेऊन बिलोलीला जातात, रिकाम्या हातानं. अप्पांना आता वरण छान जमतं, पण त्या दिवशी ते आम्हालाच लावायला सांगतात. दुकान आता पुतण्या बघतो आणि तो माल खरोखरच उदगीरहून मागवतो. साडूंना हे ठाऊक आहे. गेल्या खेपेला कुकर उघडला तर डाळ तशीच टणक. पोतं कोपऱ्यात उभं होतं, त्यावरचं नाव आम्हा सगळ्यांना दिसत होतं. अप्पा ओशाळले. साडू आता त्या मिलचा उद्धार करणार, म्हणून मी वाट बघत राहिलो. त्यांनी वाटीभर पाणी घातलं, झाकण लावलं, गॅस बारीक केला.

"शिजंल," ते म्हणाले. "बसू जरा."