कयाक पालथी केली, आईनं डोळे घट्ट मिटून घेतले

मंडळी, आज सकाळी हिप्परगा तलावात मी कयाक मुद्दाम पालथी केली आणि आत बसल्या बसल्याच सरळही केली! या निमुळत्या नावेच्या कसरती शिकायच्या तर आधी हे यावंच लागतं.

आजवर डोकं पाण्याखाली गेलं की मी घाबरून बाहेर पडायचे. शिकवणारी मैत्रीण रेश्मा आज म्हणाली, "डोकं वर काढायची घाई करू नको की. आधी कंबर फिरव."

पालथी झाले. वल्हं पाण्यावर दाबलं, कंबरेला हिसका दिला आणि एकदम डोळ्यांवर ऊन आलं.

"आई, बघितलंस?" मी काठाकडे बघून ओरडले.

"न्हाय गं! भीतीनं डोळेच मिटले होते. परत कर की!"

लगेच परत केलं. चाळिशीनंतर मी ही भीती मोडली, तुम्ही कशाची मोडलीत?