पावसाच्या बाजूची भिंत

शाहूपुरीतल्या त्या दुकानदाराचं नाव मला माहीत नाही, पण तो आठवला की अजून डोकं फिरतं. नव्या घराला बाहेरून सिमेंटऐवजी फोमच्या थरावर लिंपतात तो कृत्रिम गिलावा करावा का, हे बघायला मी मुलाला घेऊन गेले होते. घर माझं, भिंती माझ्या. पण हा गडी गिलावा केलेल्या नमुन्याच्या फळ्या मुलाच्याच हातात देई. फळीवरून तळहात असा फिरवी, जणू म्हशीची पाठ कुरवाळतोय. "साहेब, थेंब आत जायचा न्हाई की!"

मी विचारलं, "पण चीर पडली आणि पावसाच्या बाजूनं पाणी आत शिरलं, तर ते बाहेर कुठनं यायचं?"

त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "साहेब, आज्जींस्नी चहा सांगू काय?"

अंगाची लाही लाही झाली. पहिलं घर बांधताना मी तेवीस वर्षांची महाशहाणी होते. पुरुषमंडळी भिंती ठरवायची आणि मी कपात साखर किती, या गहन प्रश्नात बुडालेली असायचे. तेव्हाच्या त्या बयेला हा चहा गोडच लागला असता.

चहा आला. टेबलावरच्या एका फळीचा कोपऱ्याशी टवका उडाला होता. मी अख्खा कप तिथं ओतला. चहा गिलाव्याच्या सालीमागं शिरला, साल फुगली. फळी उभी धरली तरी थेंब बाहेर येईना.

"आज्जी, ह्ये काय केलंसा!" तो ओरडला. इतक्या वेळात पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

"आत गेलाय न्हवं? आता काढा बाहेर."