दोन्ही वाद्या

अंगणात उभ्या केलेल्या बाजेच्या पायाला लगाम बांधलेला, त्याच्या दोन चामडी वाद्या हातात, आणि कोंबड्या झाकायच्या उलट्या डालीवर मांड ठोकून बसलेली माझी चुलतबहीण सुमन... शहादा तालुक्यातल्या आमच्या गावाची आठवण निघाली की आधी हेच डोळ्यांपुढे येतं. मागोमाग कडब्याचा, तेल पाजलेल्या चामड्याचा आणि घोडीच्या घामाचा वास येतो. कार्तिकातलं कोवळं ऊन, वेचणीला आलेला कापूस, आणि महिन्यावर आलेली दत्ताची यात्रा — तिथल्या घोडेबाजारात मिरवायच्या हौसेपायी गावातली पोरं माझ्या वडिलांकडे, नानांकडे, घोडीवर बसायला शिकायला येत. मुलींमध्ये आम्ही दोघीच.

उधळलेली घोडी थांबवायची रीत हातात बसल्याखेरीज नाना कुणाला रिकिबीत पाय घालू देत नसत. सगळा सराव बाजेवर. कासरा ओढला की बैल थांबतो, हे आमच्याकडे पोरांच्या हातांना चालायला लागल्यापासून ठाऊक असतं, आणि नानांना तीच सवय मोडायची असे. "हाऊ बैल नही शे," ते म्हणत. "दोन्ही वाद्या वढशी ते घोडी आखो जोरमा पळी. येकच वढ, गोल फिराव." मी ते इतक्यांदा ऐकलं होतं की नव्या पोरांना नानांच्याच आवाजात ऐकवून दाखवी, आणि मोठी शहाणी म्हणून मिरवी.

त्या दिवशी सुमन पहिल्यांदाच लालीवर, आमच्या तांबड्या घोडीवर, बसली. नाना शेताच्या पलीकडच्या टोकाला, मी अलीकडे बांधावर. उसाचा ट्रॅक्टर रस्त्यावरून धडधडत गेला आणि लाली उधळली... लांबून नानांचा आवाज येत होता, "येकच वादी, सुमे! येकच!" पण मी जवळ होते. आणि एवढी मोठी शहाणी असलेली मी, बैलगाडीवर ओरडावं तशी ओरडले, "दोन्ही वढ! जोरमा वढ!"

सुमनने माझं ऐकलं. दोन्ही वाद्या छातीशी घेतल्या, तशी लालीने मान ताणली आणि ती दुप्पट वेगाने सुटली. बांधापाशी सुमन फेकली गेली. तिचा गुडघा कधी नीट वाकलाच नाही.

संध्याकाळी ओसरीवर सगळे नानांना बोलत होते — पोरीच्या जातीला घोड्यावर बसवलंच कशाला! नाना खाली मान घालून ऐकत होते. बाजेवर पडलेली सुमन मात्र म्हणाली, "मन्हीच चूक शे, नाना. मन्हा ध्यानमा ऱ्हायनं नही." मी खांबाला टेकून उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं, ते मी बोलले नाही. त्या यात्रेत नानांनी लाली विकली आणि पुन्हा कुणालाही शिकवलं नाही. ते गेले तेव्हाही मी गप्पच होते, आणि याची मला आजही लाज वाटते.

सुमनच्या त्या वाक्याला धरून मी इतकी वर्षं काढली. वाटायचं, तिला त्या गोंधळात काही ऐकूच गेलं नसेल.

यंदा कार्तिकात तिच्याकडे गेले, तर अंगणात बाज उभी केलेली... पायाला लगाम, डालीवर सुमनची लेक. तिलाही यात्रेत घोडी फिरवायची आहे. सुमन पाय ओढत तिच्यामागे गेली, तिच्या मुठी सोडवल्या, एकच वादी हातात दिली. शब्द सगळे नानांचे. मग थांबून तिने आपलं एक वाक्य जोडलं, "आनि मांगे कोनी बी वरडनं, ते आयकू नको."

"कोन वरडी, माय?" लेकीने विचारलं.

"मावशीले इचार," सुमन म्हणाली. आवाजात राग नव्हता. ती चहा टाकायला आत गेली.

पोर माझ्याकडे बघत राहिली. मी डालीशेजारी खाली बसले, आणि नानांना सांगायचं राहिलेलं ते वाक्य तिला सांगितलं.